टेक्सासमधलं दुकान आणि ग्राहकाच्या कमरेचं पिस्तूल

टेक्सासमध्ये राहायला आलात, की दुकानाच्या दारावरच्या पाट्या वाचायची सवय लागते. वेळ, सवलती, ‘कुत्र्यांना मज्जाव’ आणि त्यांच्याच शेजारी कायद्याच्या कलमांचा भलामोठा मजकूर. तो पिस्तुलांबद्दल असतो.

1 सप्टेंबर 2021 पासून इथे 21 वर्षांवरच्या आणि कायद्याने अपात्र न ठरलेल्या माणसाला पिस्तूल बाळगून फिरायला परवाना लागत नाही. कपड्याखाली लपवलेलं किंवा होल्स्टरमध्ये उघडं, दोन्ही चालतं. आमच्या डॅलसच्या उपनगरात उघडं पिस्तूल रोज दिसत नाही, पण किराणा घेताना पुढच्या माणसाच्या कमरेला दिसलं तर कुणी पोलिसांना बोलावत नाही. फोनवर हे सांगितलं की आई हमखास विचारते, “अगं, मग दुकानदार त्याला बाहेर का काढत नाही?”

काढू शकतो. शस्त्र बाळगण्याचा हक्क देणारी अमेरिकी राज्यघटनेतली दुसरी दुरुस्ती बंधन घालते ते सरकारवर. खाजगी मालक आपल्या जागेत शस्त्राला ‘नाही’ म्हणू शकतो, आणि तरीही आत येणारा ग्राहक अतिक्रमणाचा गुन्हा करतो. पण ते ‘नाही’ कसं म्हणायचं, हे टेक्सासने इतकं बारीक ठरवून ठेवलंय की लहान दुकानदाराची त्यात दमछाक होते.

परवाना सक्तीचा नसला तरी घेता येतो; अशा परवानाधारकाच्या लपवलेल्या पिस्तुलासाठी टेक्सासच्या दंडसंहितेतल्या कलम 30.06 ची पाटी. त्याच्याच उघड्या पिस्तुलासाठी 30.07 ची. विनापरवाना बाळगणाऱ्यासाठी 30.05 ची. मजकूर इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत हवा, अक्षरं किमान एक इंच उंच हवीत, रंग पार्श्वभूमीवर उठून दिसायला हवेत. पिस्तुलावर तांबडी काट मारलेलं छोटं स्टिकर लावलं तर परवानाधारकाला ते कायद्याने बांधत नाही. तिन्ही पाट्या लावल्या की दाराची काच भरून जाते. एवढं करून पाटी मोडणाऱ्याला दंड जास्तीत जास्त 200 डॉलर. तोंडी सांगूनही तो हलला नाही, तरच गुन्हा मोठा होतो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

हे ‘तोंडी सांगणं’ मला फार छळतं. आमच्या ओळखीचे सांगलीकडचे एक काका इथे किराणा दुकान चालवतात. रात्री दुकान बंद करायच्या वेळी गल्ल्यावर ते आणि एक कॉलेजात जाणारा पोरगा, एवढेच असतात. अशा वेळी पिस्तूल लावून आलेल्या माणसाला “कृपया बाहेर जा” म्हणायचं, आणि तेही आपल्या उच्चारांत? कागदावर मालकाचा हक्क पक्का आहे. तो वापरायची हिंमत मात्र त्यांनी एकट्याने गोळा करायची. बारच्या बाबतीत असं नाही. ज्याचं 51 टक्के किंवा जास्त उत्पन्न तिथेच बसून प्यायच्या दारूवर आहे, तिथे पिस्तुलाला कायदाच मनाई करतो आणि मालकाला वाईटपणा घ्यावा लागत नाही. मग किराणावाल्यावरच तो का?

दुसरी बाजूही इथे राहून ऐकलीय, आणि ती पोकळ नाही. 1991 च्या ऑक्टोबरमध्ये किलीन गावातल्या लूबीज कॅफेटेरियात एका माणसाने 23 जणांना गोळ्या घालून मारलं. तेव्हा तिथे असलेल्या सुझाना हप यांचे आईवडील त्यात मारले गेले. तेव्हाच्या कायद्याला घाबरून सुझानांनी स्वतःचं पिस्तूल गाडीत ठेवलं होतं. पुढे त्या आमदार झाल्या. 1995 मध्ये टेक्सासने परवान्यासह लपवलेलं पिस्तूल बाळगायला मुभा दिली, त्यामागे या घटनेचा मोठा रेटा होता. ज्याने असं दुःख पाहिलंय तो दुकानदाराच्या पाटीवर चिडतो, हे मला कळतं. पण ज्याला पाटी नको त्याला दुसरं दुकान आहे. काकांना दुसरा गल्ला नाही.

मोठ्या कंपन्यांनी मधला मार्ग काढला. 2013 मध्ये स्टारबक्सने, 2014 मध्ये टार्गेटने ग्राहकांना शस्त्रं न आणण्याची विनंती केली. टेक्सासमधल्या एल पासोतल्या आपल्याच दुकानात झालेल्या हत्याकांडानंतर सप्टेंबर 2019 मध्ये वॉलमार्टनेही शस्त्रं उघडी मिरवू नका, असं सांगितलं. विनंतीच, बंदी नव्हे. देशभर नाव असलेल्या कंपनीची विनंती बातमी होते. काकांची विनंती काउंटरपलीकडे पोचत नाही.

हवाईने 2023 मध्ये अगदी उलटा नियम केला: मालकाने स्पष्ट होकार दिल्याशिवाय लोकांसाठी खुल्या असलेल्या खाजगी जागेत पिस्तूल न्यायचं नाही. टेक्सासमध्ये दुकानदार गप्प राहिला तर होकार, हवाईच्या या नियमात गप्प राहिला तर नकार. शस्त्रधारकांनी याला आव्हान दिलं आणि ऑक्टोबर 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते प्रकरण सुनावणीला घेतलं. मला हवाईचा नियम न्याय्य वाटतो. ज्याला ग्राहकाचं शस्त्र चालतं त्या दुकानदाराने तशी पाटी लावावी. त्याला ती लावताना कुणाला सामोरं जावं लागत नाही. काकांना मात्र त्या नियमाखाली ना तीन पाट्या लावाव्या लागतील, ना रात्री त्या माणसाशी पहिला शब्द बोलावा लागेल.