तुम्ही विचारलंत म्हणून: तुमची संस्था नक्की कुणाच्या बाजूची?

अमेरिकेतल्या आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत हा प्रश्न दरवर्षी येतो. हातात प्रसादाची प्लेट असते, शेजारचे काका विचारतात, “तू काय करतेस?” मी सांगते, इथल्या एका लॉ स्कूलमध्ये कायदा आणि धर्मस्वातंत्र्य यांचं अभ्यासकेंद्र आहे, तिथे असते. काका जरा थांबतात, आवाज खाली आणतात, “म्हणजे नक्की कुणाच्या बाजूची संस्था ही?” मिरजेची आत्या फोनवर एवढे आढेवेढे घेत नाही. “अगं, ते लोक बाटवत तर नाहीत ना?”

बाटवत नाहीत. मी तिथली प्रोग्रॅम कोऑर्डिनेटर. इतक्या वर्षांत मला चर्चमध्ये एकदाच बोलावणं आलं, तेही पॉटलकसाठी, म्हणजे प्रत्येकानं एक पदार्थ आणायच्या जेवणासाठी, साबुदाण्याची खिचडी घेऊन ये म्हणून.

पण काकांचा संशय अगदीच हवेतला नाही. अमेरिकेत अशी केंद्रं बरीच आहेत आणि काहींच्या मागे चर्च आहेच. अटलांटातल्या एमरी विद्यापीठाची मुळं मेथडिस्ट या ख्रिश्चन पंथातली. तिथलं काम १९८२ पासून चालू आहे. युटामधलं ब्रिगम यंग विद्यापीठ तर मॉर्मन चर्चचंच. तिथलं केंद्र २००० साली सुरू झालं आणि दर ऑक्टोबरात देशोदेशीचे न्यायाधीश, प्राध्यापक तिथल्या परिषदेला जातात. याच मॉर्मनांचा बहुपत्नीत्वाचा खटला सुप्रीम कोर्टात गेला होता आणि १८७९ मध्ये ते हरले होते. श्रद्धा काहीही ठेवा, आचरणाला मात्र कायदा लागू, असा निकाल. माझ्या मते निकाल बरोबरच होता. पण कोर्टात हरलेल्या समाजानं पुढे या विषयाचा अभ्यास मनावर घ्यावा, यात मला नवल वाटत नाही.

आमचं केंद्र छोटं. एक संचालक, दोन प्राध्यापक, मी, आणि दरवर्षी चार-पाच फेलो, म्हणजे वर्षभरासाठी येणारे अभ्यासक. फेलोला मिळतं एक टेबल, लायब्ररीचं कार्ड आणि स्टायपेंड, ज्यात या शहरात जेमतेम भागतं. बदल्यात त्यानं वर्षभरात एक निबंध पुरा करायचा आणि बुधवारच्या बैठकीत तो सगळ्यांकडून फाडून घ्यायचा. माझ्याकडे व्हिसाचे कागद, विमानाची तिकिटं, अनुदान देणाऱ्यांचे अहवाल आणि जेवण.

जेवण हे सर्वांत अवघड. हलाल, ज्यूंचं कोशर, जैन, आणि कोणीतरी व्हेगन असतोच. एका वर्षी मिठाईत जिलेटिन निघालं, जनावरांच्या हाडं-कातड्यापासून करतात ते. ज्यू, मुस्लिम, जैन आणि मी असे चौघंजण एकाच वाटीकडे एकाच नजरेनं बघत बसलो. एवढं एकमत बुधवारच्या बैठकीत कधी झालेलं मला आठवत नाही. तारखांचंही तसंच. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो, ज्यूंचे मोठे सण नवरात्राच्या आगेमागे येतात. पहिल्या वर्षी मी समारोपाचं जेवण शुक्रवारी संध्याकाळी लांबच्या हॉटेलात ठेवलं. शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस लागतो, मग गाडीत बसायचं नाही. आमचा एक फेलो आलाच नाही. सोमवारी मीच विचारलं तेव्हा कळलं. तो एका शब्दानं बोलला नव्हता, म्हणून मला जास्त लागलं.

आता मूळ प्रश्न. पूर्वी काकांना मी होल्ट खटल्याची गोष्ट सांगायचे. अर्कान्सॉ राज्याच्या तुरुंगात होल्ट नावाचा जन्मठेपेचा एक मुस्लिम कैदी होता. त्याला अर्धा इंच दाढी ठेवायची होती. तुरुंगाचा नियम असा की त्वचेचा आजार असेल तर पाव इंच चालेल, धर्मासाठी मुळीच नाही. तुरुंगाची भीती अशी, की दाढीत काही लपवून आणलं तर? गड्यानं हातानं अर्ज लिहून सुप्रीम कोर्टाला धाडला आणि २०१५ मध्ये नऊच्या नऊ न्यायाधीशांनी त्याच्या बाजूनं कौल दिला. डोक्यावरचे केस तपासता, तशी दाढी तपासा. खटला लढवणाऱ्यांत बेकेट नावाची संस्था होती, एका कॅथलिक वकिलानं काढलेली. काका खूश व्हायचे. “म्हणजे सगळ्यांच्या बाजूचे!”

मग मी ती गोष्ट सांगणं सोडलं, कारण ती अर्धीच आहे. आदल्याच वर्षी हीच बेकेट हॉबी लॉबी या दुकानांच्या कंपनीसाठी उभी होती. मालक श्रद्धाळू ख्रिश्चन. काही गर्भनिरोधकांचा खर्च कर्मचाऱ्यांच्या विम्यातून द्यायला त्यांचा नकार. पाच विरुद्ध चार मतांनी तेही जिंकले. कैद्याच्या दाढीनं कुणाचं काही अडलं नव्हतं. इथे अडत होतं ते काउंटरवर उभ्या असणाऱ्या बायकांचं, आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

आमच्याकडे सगळ्यात मोठं भांडण मात्र मुंबईच्या एका कायद्यावरून झालं. १९४९ साली मुंबई प्रांतानं समाजातून बहिष्कृत करण्यावर बंदी घातली. दाऊदी बोहरा या मुस्लिम पंथाचे धर्मगुरू सय्यदना कोर्टात गेले आणि १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो कायदाच रद्द केला. शिस्त राखण्यासाठी माणसाला बाहेर काढणं हा त्या पंथाचा धार्मिक अधिकार ठरला. पाचांत एकटे सरन्यायाधीश सिन्हा विरोधात. बहिष्कृताची गत अस्पृश्यासारखी होते, असं त्यांचं म्हणणं. हा प्रश्न अजून मिटलेला नाही. २०२३ मध्ये तो नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे पाठवला गेला.

त्या बुधवारी एक फेलो म्हणाला, कुणाला आपलं म्हणायचं हे सरकार ठरवू लागलं तर धर्माकडे उरलं काय? दुसरी म्हणाली, आणि बहिष्कृताला दफनाला जागा मिळाली नाही तर त्या माणसाकडे उरलं काय? दोघंही धर्मस्वातंत्र्याच्याच बाजूनं बोलत होते. सँडविच तशीच पडून राहिली. महाराष्ट्रानं जातपंचायतींच्या जाचावरून २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला, एवढं मी मध्येच सांगितलं. सगळे माझ्याकडे वळले. जेवणाची व्यवस्था बघणारी बाई कलमं सांगायला लागली, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर. मग तासभर मलाच प्रश्न. माझं मत मात्र मी तिथे सांगितलं नाही. स्टाफनं ते सांगायचं नसतं, असा आमच्याकडे न लिहिलेला नियम आहे.

आत्याला सांगितलं. म्हटलं, मी त्या एकट्या सिन्हांच्या बाजूची. कोण सिन्हा, हे समजावून सांगता सांगता फोनवरची वरणाला फोडणी दिल्याची चुरचुर थांबली. “वाळीत टाकणं म्हणतेस ना,” ती म्हणाली. “आपल्या थोरल्या आजोबांना टाकलं होतं. विधवा बहिणीचं लग्न लावून दिलं म्हणून.” मला हे कुणी कधी सांगितलेलं नव्हतं. “विहीर बंद. गावचा न्हावी घरी येईना. मग दर पंधरा दिवसांनी सायकल मारत मिरजेला यायचे, दाढी करायला.”

किती वर्षं, मी विचारलं.

“शेवटपर्यंत. नंतर न्हाव्यानं निरोप धाडला होता, की आता येतो म्हणून. तेच नको म्हणाले.”