केकवरची लाल चेरी आणि आजोळची जाळी

परवा भाचीच्या वाढदिवसाला केक घरीच करायचा ठरला म्हणून चेरीचं पाकीट आणलं, आणि सहज उलटं करून बघितलं तर काय काय घातलंय त्या यादीत पहिलंच नाव करोंदा. म्हणजे आपलं करवंद!! लहानपणी केकवरच्या ज्या एका चेरीसाठी आम्ही भावंडांनी एकमेकांच्या झिंज्या उपटल्यात, ती आजोळच्या मागच्या टेकडीवरची निघाली.

मग शोधलं जरा. कच्ची करवंदं घेतात, बिया काढतात, मिठाच्या पाण्यात ठेवतात आणि मग लाल रंग घालून साखरेच्या पाकात मुरवतात. झाली चेरी. आईला सांगितलं तर म्हणे, "अगं मग पैसे कशाला घातलेस, मे महिन्यात फुकट मिळतात की!"

आजोळ कर्जतच्या पुढे. उन्हाळ्यात डोंगर नुसता पिवळा पडलेला असायचा पण करवंदाच्या जाळ्या तेवढ्या हिरव्यागार, त्यांची पानं कधी सगळी झडलेली मी तरी बघितली नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये पांढरी फुलं, पाच पाकळ्यांची, वास साधारण जाईसारखा, पण गजरा करायची हिंमत कोण करणार, काटे असले दुटोकी की फ्रॉक अडकला की फाटलाच. एप्रिलात हिरवी करवंदं लोणच्याला, मग ती लालसर होतात आणि मे संपता संपता काळी. आम्हाला कुठला दम, आम्ही लाल असतानाच तोडायचो, दात आंबायचे, बोटं चिकाने एकमेकांना चिकटायची, तो चीक साबणाने पण जात नाही, खोबरेल तेल लावावं लागतं. स्टेशनवर बायका पानाच्या द्रोणात विकायच्या, "डोंगरची काळी मैनाऽऽ", पण विकतची आणली तर आजीला तो अपमान वाटायचा.

आणि तो खेळ, कोंबडा की कोंबडी? करवंद फोडायचं, आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी, हरला त्याने आपलं करवंद द्यायचं. मामेभाऊ बाहेरून नुसतं बघून बरोब्बर ओळखायचा, कसं ते अजून सांगत नाही.

तर त्या दिवशी केक राहिला बाजूला, मी भाचीला समोर बसवलं आणि एकेक चेरी सुरीने कापायला लागले. कोंबडा की कोंबडी? अर्धं पाकीट संपवलं. रंगात मुरवलेली ना ती, सगळेच्या सगळे कोंबडे.