खाबियेर कोण? स्पॅनिश शिकताना मराठी कशी कामी आली त्याची गोष्ट

मी पणजीत एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे, राहायला फोंड्याला. २०२४ च्या नोव्हेंबरात जुन्या गोव्यात शवप्रदर्शन सुरू झालं आणि आमच्याकडे स्पेनहून एक वयस्कर जोडपं आलं. बाईंना इंग्रजी अगदी थोडं यायचं, त्या काउंटरवर उभ्या राहून परत परत "खाबियेर, खाबियेर" म्हणत होत्या आणि मी आपली कॉम्प्युटरवर त्या नावाचा गेस्ट शोधतेय. शेवटी त्यांनी पर्समधून एक छोटं चित्र काढून माझ्यासमोर ठेवलं, बघते तर गोंयचो सायब, ज्याचं ते शवप्रदर्शन तोच सेंट फ्रान्सिस झेवियर! आपण लहानपणापासून ज्याला शाविएर म्हणत आलो तो त्यांचा खाबियेर, १५०६ मध्ये जन्मला तो नावारा प्रांतातल्या खाबियेरच्या किल्ल्यात, आणि हे दोघे त्याच भागातले. इतक्या लांबून आलेल्या माणसांना मी साधं "बसा, गाडी मागवते" पण त्यांच्या भाषेत सांगू शकले नाही, ते मनाला लागलं.

मग सगळे करतात तेच केलं. एका ऑनलाइन कोर्सला साडेचार हजार भरले, जाहिरातीत ३० दिवसांत फाडफाड स्पॅनिश असं होतं. रंगांची नावं, प्राण्यांची नावं, आठवड्याचे वार, सगळं इंग्रजीतून. महिना संपला तेव्हा मला पिवळा, जांभळा, मांजर, कुत्रा येत होतं पण एक वाक्य स्वतःचं बोलता येत नव्हतं. नंतर वाचलं की अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची जी भाषा शिकवणारी संस्था आहे ती इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी स्पॅनिशला सहाशेहून जास्त तास धरते, तेही वर्गात बसून. तेव्हा लवकर शिकायचं म्हणजे दिवस कमी करायचे नाहीत, रोजचे तास वाढवायचे, एवढं तेव्हा कळलं.

माझ्याकडे तास होते ते बसमधले. फोंडा ते पणजी जाऊन येऊन जवळजवळ दोन तास. त्यात 'लँग्वेज ट्रान्सफर'चा स्पॅनिशचा कोर्स ऐकायला घेतला, फुकट आहे, ९० धडे, नुसता ऑडिओ. शिकवणारा प्रश्न विचारतो, आपण पॉज करायचं, उत्तर मोठ्याने म्हणायचं (बसमध्ये मी ओढणी तोंडावर घेऊन पुटपुटायचे) आणि मग पुढे ऐकायचं. पाठ काही करायचं नाही म्हणून तो बजावून सांगतो, आणि खरंच वाक्य कसं उभं राहतं ते हळूहळू डोक्यात बसतं.

एका संध्याकाळी बाणस्तारीच्या पुलावर गाडी अडकली होती आणि धडा चालू होता "मे गुस्ता"चा. तो इंग्रजी बोलणाऱ्यांना समजावत होता की इथे 'मी कॉफी आवडवतो' अशी रचना नाही, कॉफी मला आवडते अशी उलटी आहे, जरा विचित्र वाटेल. आणि मी विचार करतेय, यात विचित्र काय आहे? मे गुस्ता एल काफे, मला कॉफी आवडते. मे गुस्तान लोस मांगोस, मला आंबे आवडतात. आंबे अनेक म्हणून क्रियापद पण अनेकवचनी, जसं आपल्याकडे अगदी तसंच! त्या दिवशी मी ठरवलं की वाक्यरचनेसाठी इंग्रजी मध्ये आणायचीच नाही, सरळ मराठीतून जायचं.

आणि मग एकेक सापडत गेलं. बेओ ला कासा म्हणजे मी घर बघते, पण बेओ आ मी एर्मानो म्हणजे मी माझ्या भावाला बघते. माणूस आला की स्पॅनिशमध्ये 'आ' लागतो, आपल्याकडे 'ला' लागतो, घराला काही लागत नाही. इंग्रजीतून शिकणारे यावर आठवडे घालवतात. त्याहून मोठं म्हणजे ते सबजंक्टिव्ह, क्रियापदाचं इच्छा-अपेक्षा सांगणारं रूप, ज्याची सगळीकडे भीती घातलेली असते. किएरो के बेंगास. तू यावंस असं मला वाटतं. यावंस, करावंस, जावंस हे आपण दिवसभर बोलतो, तेच आहे ते! उच्चारांचं पण तसंच, त आणि द आपलेच दातांचे, स्वर पाच आणि लिहिलंय तसेच बोलायचे.

सगळीकडे मराठी पुरत नाही हेही सांगते. 'आहे'साठी त्यांच्याकडे दोन क्रियापदं, सेर आणि एस्तार. सोय दे फोंडा, मी फोंड्याची आहे, पण एस्तोय एन पणजी, मी आत्ता पणजीत आहे. इथे मराठी काही मदत करत नाही, उदाहरणं ऐकून ऐकूनच ते बसतं. आणि मोठ्या जड शब्दांसाठी इंग्रजीच बरी, पोसिब्ले, नोर्माल, इन्फोर्मासियोन वगैरे.

शब्दांचं मात्र आमच्या शेजारच्या आजोबांमुळे सोपं झालं. ते गोवा मुक्तीच्या आधी पोर्तुगीज शाळेत शिकलेले. एकदा मी अंगणात फोनवर स्पॅनिश व्हिडिओ लावला होता, ते आपल्या सोप्यावर बसल्या बसल्या ऐकत राहिले आणि म्हणाले, "हें पुर्तुगेज न्हय गो, पूण समजता म्हाका." मग त्यांनी बसवून एकेक शब्द जुळवायला लावला. आपली चावी आली ती पोर्तुगीज शावीवरून, स्पॅनिशमध्ये ती याबे. पावसाला पोर्तुगीज शूवा, स्पॅनिश यूबिया. म्हणजे त्यांचा श तिथे य होतो. पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, भट्टी ती फोर्न, स्पॅनिशमध्ये ओर्नो, पुढचा फ गायबच. बालदी तर बाल्देच. बटाटा स्पेनमध्ये पाताता पण मेक्सिकोत पापा. जनेल, म्हणजे खिडकी, मात्र जुळत नाही, तिकडे बेंताना. आजोबांनी ते दोनदा म्हणून बघितलं आणि मान हलवली, त्यांना काही ते पटलं नाही.

हे सगळं मी अँकीत घातलं, म्हणजे कार्डांवरून उजळणी करून घेणाऱ्या अ‍ॅपमध्ये. अँड्रॉइडवर ते फुकट आहे, आयफोनला पैसे पडतात. माझा नियम असा की कार्डाच्या एका बाजूला मराठी वाक्य, दुसऱ्या बाजूला स्पॅनिश, सुटा शब्द घालायचा नाही आणि रोज १० च्या वर नवीन कार्डं घ्यायची नाहीत, नाहीतर पंधरा दिवसांनी उजळणीचा डोंगर होतो आणि माणूस ते उघडतच नाही. उच्चाराची शंका आली की फोर्वोवर खऱ्या माणसांचे आवाज ऐकायचे, क्रियापदांची रूपं स्पॅनिशडिक्टवर बघायची.

आणि रात्री जेवल्यावर 'ड्रीमिंग स्पॅनिश', अर्धा तास तरी. त्यात माणूस चित्रं काढत, हातवारे करत सावकाश स्पॅनिशच बोलतो, भाषांतर नाही, आणि अगदी नवख्यांसाठी वेगळे व्हिडिओ आहेत. सुरुवातीला मला वाटायचं नुसतं बघून काय होणार, पण दोनेक महिन्यांनी एकदा भांडी घासताना लक्षात आलं की मी मागून येणारा आवाज ऐकतेय आणि मनात मराठी करत नाहीये, मला ते तसंच कळतंय. हात साबणाचे तसेच धरून उभी राहिले मी थोडा वेळ.

आता एक मेक्सिकोतली मैत्रीण आहे, भाषा अदलाबदलीच्या अ‍ॅपवर मिळाली. आमचे सकाळचे साडेसहा म्हणजे तिच्याकडे आदल्या संध्याकाळचे सात, पोदेराचा भोंपू वाजतो तेव्हा आमचा कॉल चालू असतो. अर्धा तास स्पॅनिश, अर्धा तास माझं इंग्रजी. तिने एकदा विचारलं तो आवाज कसला, तर मी पाव घेऊन आले आणि कॅमेऱ्यापुढे धरला. "पान!" म्हणाली ती. पान म्हणजे पाव. आपल्याकडे पान म्हणजे काय ते सांगण्यात उरलेला सगळा कॉल गेला, तेही सगळं स्पॅनिशमध्ये, अडखळत का होईना.

सध्या भूतकाळावर आहे. कोमी म्हणजे खाल्लं आणि कोमिआ म्हणजे खायचे, हा फरक इंग्रजीत समजावायला लोक तक्ते काढतात. परवा मी तिला आजीबद्दल सांगत होते, लहानपणी सुट्टीत आम्ही आजीकडे जायचो, ती चुलीवर फणसाच्या बिया भाजायची, आणि 'इबामोस' की 'फुइमोस' असा प्रश्न मला पडलाच नाही. जायचो, इबामोस.