आज ऊन पडलं का गं?

शुक्रवार, १४ नोव्हेंबर. लंडन.

सकाळी आईचा फोन. पहिला प्रश्न ठरलेला, "आज ऊन पडलं का गं?" वाईला बसून ती माझ्या मनाचा अंदाज इथल्या उन्हावरून बांधते. सूर्य न दिसल्याचा हा पाचवा दिवस. "पडेल दुपारी," म्हणाले. पडलं नाही. सव्वाचारच्या सुमारास होता नव्हता तो उजेडही गेला.

शुक्रवारी नॅशनल गॅलरी रात्री नऊपर्यंत उघडी असते आणि तिकीट लागत नाही. ऑफिसातून थेट तिकडेच गेले. आज फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचा जन्मदिवस, म्हणून त्याचं एकच चित्र पाहायचं ठरवलं होतं : 'द थेम्स बिलो वेस्टमिन्स्टर', १८७१.

चित्र लहानसं, जेमतेम ४७ बाय ७३ सेंटिमीटर. पाण्यात बोटी, मागे पार्लमेंटचे मनोरे आणि वेस्टमिन्स्टरचा पूल, उजवीकडे नदीकाठचा रस्ता आणि अगदी पुढ्यात एक लाकडी धक्का. सगळ्यात गडद काय, तर तो धक्का आणि त्यावर राबणारी माणसं. त्यापलीकडे जितकं दूर तितकं फिकट. कडक ऊन कुठेच नाही, तरी चित्रभर उजेड आहे. तो येतो कुठून, हे शोधत मी बराच वेळ उभी होते. लांबून राखाडी वाटणाऱ्या आभाळात जवळ गेल्यावर पिवळसर, गुलाबी झाक दिसायला लागते. मनोरे निळसर जांभळे. पाण्यावर धक्क्याच्या खांबांचं प्रतिबिंब आडव्या, तुटक फटकाऱ्यांत उतरवलंय, आणि त्या फटकाऱ्यांमुळेच पाणी हलतं. निव्वळ राखाडी म्हणावा असा रंग मला सापडलाच नाही.

आपल्याला हे पुरातन लंडन वाटतं. पण या चित्रातलं जवळपास सगळं तेव्हा कोरं होतं. जुनं पार्लमेंट १८३४ साली जळालं. नव्याचा पायाचा दगड १८४० सालचा, म्हणजे इमारत आणि चित्रकार एकाच वयाचे. पूल १८६२चा. डावीकडे पैलतीरावर पुसट दिसणारं सेंट थॉमस हॉस्पिटल चित्राच्याच वर्षी, १८७१ साली सुरू झालं. आणि काठचा रस्ता, व्हिक्टोरिया एम्बँकमेंट, जुलै १८७०मध्ये खुला झालेला, म्हणजे वर्षही पुरं झालेलं नाही. १८५८च्या उन्हाळ्यात थेम्सला इतकी दुर्गंधी सुटली होती की पार्लमेंटमध्ये बसवेना. त्यानंतर बॅझलजेट या अभियंत्याने शहरभर गटारांचं जाळं उभारलं. नदी मागे सारून केलेल्या या रस्त्याच्या पोटात त्यातलं एक मोठं गटार आहे आणि भुयारी रेल्वेही. तो धक्का त्याच बांधकामाचा. कामगार आता तो उतरवताहेत. मुंबईचा कोस्टल रोड क्रेनसकट कुणी रंगवावा, तसंच हे. कोळशाच्या धुरात मिसळलेल्या धुक्याने त्या नव्याकोऱ्या शहराला एका दिवसात जुनं करून टाकलं.

आणि रंगवणारा कोण? युद्धामुळे फ्रान्स सोडून आलेला तिशीचा माणूस. नुकतं लग्न झालेलं, सोबत बायको कामीय आणि तीन वर्षांचा मुलगा. अडीनडीला पैसे देणारा मित्र बाझील नोव्हेंबर १८७०मध्ये लढाईत मारला गेला. जानेवारीत वडील गेले. रॉयल अकादमीने त्याची चित्रं नाकारली. या चित्राला कुणी उदास म्हटलं की मला पटत नाही. इतकं सोसून इथे आलेला माणूस काठावर उभा राहून धुक्यातला गुलाबी शोधत होता. जवळजवळ तीस वर्षांनी तो परत आला आणि सॅव्हॉय हॉटेलच्या खिडकीतून त्याने हीच नदी पुन्हा पुन्हा रंगवली. ती चित्रं भडक, दिमाखदार आहेत. मला मात्र हे अबोल चित्रच जास्त आवडतं.

वाईला पौषात गणपती घाटावर धुकं उतरायचं. देवळाचं शिखर तेवढं वर, खाली कृष्णा दिसायची नाही, नुसती धुण्याची धपधप ऐकू यायची. तेव्हा नाही कधी वाटलं की हा दिवस वाईट आहे.

गॅलरीतून निघून चालत एम्बँकमेंटवर आले. दिवे लागलेले, कठड्याचा दगड ओला, प्लेन नावाच्या झाडांची पानं फरशीला चिकटलेली. आज दुपारी आभाळ नेमकं कसं होतं, ते आठवून पाहिलं. आठवेना. मी पाहिलंच नव्हतं. ऊन नाही एवढंच पाहून मान खाली घातली होती, आणि आईला "पडेल" म्हणून मोकळी झाले होते.

उद्या सुट्टी. बाराच्या सुमाराला इथे येऊन आईला फोन लावायचा. वाईत तेव्हा साडेपाच, तिच्या चहाची वेळ.