पोकेमॉन ट्रेडिंग कार्ड गेम (गेम बॉय कलर): डेक बनवायला जबरदस्त, समोरचा मात्र कच्चा

गेम बॉय कलर या निन्टेन्डोच्या हातात धरायच्या कन्सोलवरचा पोकेमॉन ट्रेडिंग कार्ड गेम मला प्रचंड आवडतो, आणि त्यातली सगळ्यात भारी गोष्ट लढाई नाहीये, डेक (खेळायचा कार्डांचा गठ्ठा) बनवायची स्क्रीन आहे. हडसन सॉफ्ट आणि क्रिएचर्सने बनवलेला हा गेम, जपानमध्ये १९९८ च्या डिसेंबरात आला आणि अमेरिकेत २००० मध्ये. स्टोरी म्हणाल तर दोन ओळीत संपते, डॉक्टर मेसन तीनपैकी एक डेक निवडायला देतात, मग आठ क्लबचे मास्टर हरवायचे, मग चार ग्रँड मास्टर, आणि शेवटी चार लेजंडरी कार्डं मिळवायची. मधेमधे तुमचा प्रतिस्पर्धी रोनाल्ड येऊन अडवतो. स्टोरीसाठी कोणी हा गेम खेळत नाही आणि खेळूही नये.

यात खऱ्या कार्ड गेमचे सुरुवातीचे नियम जवळजवळ जसेच्या तसे उतरवलेत. ६० कार्डांचा डेक, एका नावाची जास्तीत जास्त ४ कार्डं (बेसिक एनर्जी सोडून), ६ प्राइझ (समोरचा पोकेमॉन पाडला की त्यातलं एक उचलायचं, सगळी उचलली की जिंकलात), आणि अटॅकसाठी पोकेमॉनला लागणारं एनर्जी कार्ड एका टर्नला एकच लावायचं. एकूण २२० च्या वर कार्डं आहेत, बहुतेक बेस सेट, जंगल आणि फॉसिल या खऱ्या कार्डांच्या सुरुवातीच्या सेटमधली. डॅमेज मोजणं, वीकनेस आणि रेझिस्टन्स (कुठल्या प्रकारचा मार जास्त लागतो, कुठला कमी), कोण झोपलंय, कोणाला पॉयझन झालंय हे सगळं गेम स्वतः सांभाळतो, त्यामुळे ज्याला नियम शिकायचेत त्याच्यासाठी याच्याइतका चांगला मास्तर नाही. सुरुवातीची सॅमबरोबरची प्रॅक्टिस मॅच एकदा खेळलात की गाडी सुरू.

आणि काही कार्डं तर अशी आहेत की ती मशीनवरच होऊ शकतात. लेजंडरी झॅपडॉसचा बिग थंडर हा अटॅक घ्या, ७० डॅमेज, पण कोणाला लागणार ते रँडम, स्वतः झॅपडॉस सोडून मैदानातला कोणीही, म्हणजे तुमच्याच बेंचवर राखीव बसलेलाही! मोल्ट्रेस खाली टाकला की डेकमधून १ ते ४ फायर एनर्जी हातात येतात, किती ते गेम ठरवणार. टेबलावर हे करायचं तर फासे काढून बसावं लागेल. या कार्डांसाठी बनवणाऱ्यांनी खरंच डोकं लावलंय.

आता अडचणीकडे येतो. त्या काळच्या ट्रेनर कार्डांना, म्हणजे पोकेमॉन किंवा एनर्जी नसलेल्या मदतीच्या कार्डांना, काही लिमिटच नव्हती, एका टर्नला हवी तेवढी खेळा. बिलने २ कार्डं ओढा, प्रोफेसर ओकने हातातली सगळी कार्डं टाकून नवी ७ ओढा, वरून एनर्जी रिमूव्हल टाकून समोरच्याची एनर्जी उडवा. आता चारिझार्डचा विचार करा. १२० एचपी (म्हणजे एवढा मार झेलायची ताकद), फायर स्पिन अटॅकचं १०० डॅमेज, दिसायला एकदम राजा, पण चारमँडर ते चारमेलियन ते चारिझार्ड हा इव्होल्यूशनचा (एकावर एक कार्ड ठेवत मोठं व्हायचा) प्रवास, चार एनर्जी म्हणजे साधारण चार टर्न, आणि प्रत्येक फायर स्पिनला दोन एनर्जी टाकून द्यायच्या. तोवर समोर हिटमनचॅन असेल तर तो एका एनर्जीवर पहिल्याच टर्नपासून २० चा जॅब मारतोय, कसलं इव्होल्यूशन नाही काही नाही. म्हणून तर हिटमनचॅन, इलेक्टाबझ आणि सायदरचा हेमेकर डेक त्या काळात एवढा गाजला, तिघेही ७० एचपीचे बेसिक (थेट मैदानात उतरवता येणारे) आणि पहिल्यापासून कामाला तयार.

माणूस समोर असेल तर चारिझार्डचं काही खरं नाही. पण कॉम्प्युटर एवढा हुशार नाही, एनर्जी भलत्यालाच लावतो, चांगला पोकेमॉन वेळेवर मागे घेत नाही, आणि बऱ्याच जणांचे डेक स्ट्रॅटेजीपेक्षा आवडीवर बनलेले असतात. लोक याला सरसकट गेमची कमजोरी म्हणतात, मला ते अर्धंच पटतं. तो कच्चा आहे म्हणूनच चारिझार्ड, ब्लास्टॉइझ, अलाकझॅम असे जड, हळू डेक इथे खरोखर चालतात, आणि आपण कागदावर आखलेला कॉम्बो एकदा तरी पूर्ण होताना बघायला मिळतो. कॉम्प्युटर पक्का खेळाडू असता तर सगळ्यांनी नाइलाजाने एकच हेमेकर बनवला असता आणि बाकीची दोनशे कार्डं पडून राहिली असती. पण दुसरी बाजू अशी की एकदा चांगला डेक जमला की तो बदलायला गेम कधीच भाग पाडत नाही, अर्ध्यानंतर तोच डेक घेऊन सगळ्यांना लोळवत जायचं, आणि मग कंटाळा येतो.

पॅक मिळवायची पद्धत मात्र मला मनापासून आवडते. पैसे नाहीतच, जिंकलात की बूस्टर पॅक. कोलोसियम, इव्होल्यूशन, मिस्ट्री, लॅबोरेटरी असे प्रकार आणि कोण कुठला देतो हे ठरलेलं, म्हणजे हवं ते कार्ड कोणाकडे शोधायचं हे कळतं. हरलात तरी काही जात नाही. फक्त एकाच कार्डाच्या ढिगाने कॉप्या साचतात आणि त्यांचं करायचं काय याला गेमकडे उत्तर नाही.

नाणेफेक हा वेगळाच विषय. पॅरालिसिस नाण्यावर, कन्फ्यूज झालात तर अटॅकही नाण्यावर आणि मागे घेणंही नाण्यावर. सेटिंगमध्ये जाऊन अ‍ॅनिमेशन कमी करा आणि मेसेजचा स्पीड वाढवा, हे पहिल्या दिवशीच करा, नाहीतर लांबलेल्या मॅचमध्ये जीव जातो.

सगळ्यात जास्त मला खटकतं ते कार्ड पॉप. दोन गेम बॉय कलर समोरासमोर धरायचे, इन्फ्रारेडने दोघांना एकेक रँडम कार्ड, कल्पना मस्त. पण व्हिनसॉर आणि म्यूची दोन खास कार्डं फक्त तिथेच, तीही फार क्वचित. एकट्याने खेळणाऱ्याचा अल्बम कधी पूर्णच होऊ शकत नाही, हे चुकीचंच आहे.

२००१ मध्ये याचा दुसरा भाग आला, फक्त जपानमध्ये, आणि त्यात काही प्रतिस्पर्धी तुमच्या डेकवरच अटी घालतात, त्यामुळे परत परत नवा डेक बांधावा लागतो. पहिल्या भागात मला नेमकं हेच हवं होतं. पहिला भाग २०२३ पासून निन्टेन्डोच्या स्विच ऑनलाइन सेवेवर आहे. खेळायला घेतलात तर माझं एक ऐका, प्रत्येक क्लबला नवा डेक घेऊन जायचं, ही अट स्वतःच घालून घ्या.