दोन प्रश्न, एक उत्तर

काल एका सहकाऱ्याला मेल केला. जेमतेम चार ओळींचा. त्यात दोनच प्रश्न, तेही आकडे घालून: फाइल गुरुवारी मिळेल का, आणि हिशोबात जुना दर धरायचा की नवा? तासाभराने उत्तर आलं, "हो, चालेल." काय चालेल? पुन्हा विचारलं तर म्हणे, "कुठला दर?" माझा मेल त्याच्या उत्तराखाली जसाच्या तसा होता!

मला याचा खरंच त्रास होतो. समोरच्याला परत विचारावं लागू नये म्हणून मी एकेक मेल दहा-दहा मिनिटं घालवून लिहिते. आणि तो पहिली ओळ वाचून मोकळा.

पत्त्यांच्या रकान्यांचंही तेच. मेलमधलं 'सीसी' म्हणजे कार्बन कॉपी. टाइपरायटरवर दोन कागदांमध्ये कार्बन घालून प्रत काढायचे, तिथून आलेलं नाव. म्हणजे ही प्रत नुसती माहितीसाठी; काम ज्याचं, त्याचं नाव 'टू'मध्ये. आमच्याकडे अकराच्या अकरा जण 'टू'मध्ये असतात, मग प्रत्येकाला वाटतं दुसरा कुणीतरी बघेल. काम तिथेच पडून राहतं. 'धन्यवाद' तेवढं सगळ्यांना जातं, 'रिप्लाय ऑल' करून.

विषयाच्या ओळीकडे तर कुणी बघतच नाही. सुट्टीच्या जुन्या मेललाच उत्तर देऊन नवं काम पाठवतात. महिन्याभराने ते शोधायचं कसं?

आज मी दोन प्रश्न दोन वेगळ्या मेलमध्ये पाठवले. दराचं उत्तर अजून यायचंय.