पूल पडला त्या वर्षीचा फणस

पुण्यात कुणी विचारलं, गोव्यात कुठे असता, की माझ्या तोंडून पटकन "पणजी" जातं. खरं तर मी पर्वरीचा, मांडवीच्या अलीकडे वर सड्यावर, बार्देशात. पण पर्वरी म्हटलं की समोरचा "म्हणजे नेमकं कुठे?" विचारणार आणि मग परत पणजीच सांगावी लागणार. गंमत म्हणजे राजधानी पणजी असली तरी विधानसभा 2000 पासून भरते आमच्याकडे, हायकोर्टही 2021 ला इकडेच आलं, तरी आमची ओळख वाटेवरचं गाव अशीच. म्हापसा-पणजी शटल तर दारावरून जाते पण थांबत नाही. आम्ही आपले लोकल बसमध्ये, कंडक्टर "फाटीं वच, फाटीं" ओरडत असतो आणि मागे पाय ठेवायला जागा नसते.

बाहेरून आलेले म्हणतात, किती झाडं हो तुमच्याकडे. खाली सुकूर, तोर्ड्याला जुनी झाडं आहेत, माड आहेत, शेतं आहेत, तिथलं सोडा. वर आमचा भाग, आल्त-पर्वरी (आल्त म्हणजे पोर्तुगीजमध्ये उंच, नाव अगदी चपखल), निव्वळ जांभा. बाबांनी इथे घर घेतलं तेव्हा पणजीतल्या काकांनी विचारलं होतं, तिथे कोल्ह्यांच्या शेजारी राहणार का? आमच्या गल्लीतली सावली ही ऑफिसातून दमून आलेल्या माणसांनी केलेली आहे. रविवारी पहारीने चिरा फोडायचा, खड्ड्यात खालून आणलेली माती भरायची, रोप लावायचं. शेजारचे कारकून काका तर म्हणायचे, फायली सरकत नाहीत तसाच हा दगड.

1986 च्या जुलैमध्ये मांडवीचा पूल कोसळला. बाबा मग बेतीहून फेरीबोटीने जायचे, पावसात, गर्दीत चेंगरून. एका संध्याकाळी ते आले ते नखशिखांत भिजून, छत्री मिटलेली काखेत आणि दोन्ही हातांत फणसाचं रोप, पिशवीतली माती सांडू नये म्हणून खालून धरलेलं. आई म्हणाली, छत्री तरी उघडायची, तर म्हणे हात कुठे होता. तो फणस आता दुमजली घरावरून वर गेलाय, आमच्याकडे त्याचं वय कुणी मोजत नाही, पूल पडला त्या वर्षीचा एवढंच म्हणतात.

त्यानंतर पूल किती झाले! 2019 ला अटल सेतू आला, दिमाखदार आहे, पण दुचाकीला बंदी, म्हणजे माझ्या स्कूटरला काय उपयोग! आता हायवेवर उड्डाणपूल. त्यासाठी खाप्रेश्वराजवळचा जुना वड 2025 मध्ये उपटून दुसरीकडे नेऊन लावला, लोकांनी किती विरोध केला तरी. नेऊन लावला हे शब्द मला पटत नाहीत, एवढ्या वडाला काय कुंडीतून काढून लावतात?

सध्या या कामाच्या धुळीने आमची हिरवी पर्वरी तांबडी झालीय. फणसाच्या पानावरून बोट फिरवलं तर रेघ उठते. परवा संध्याकाळी आई नळाला पाइप लावून खालच्या फांद्या धुत होती, मी म्हटलं, अगं पाऊस आला की धुतली जातील, पाणी कशाला घालवतेस.

"पाऊस जूनमध्ये," आई म्हणाली, "तू जरा पाइप वर धर, माझा हात पोचत नाही."